डावीकडची सीट

सुआमे, कुमासी
९ जून २००४

आणि वर माझ्याच नावावर. विचारलंस मला? सहा वर्षं तुझा आवाज नाही, अक्षर नाही, आणि एके दिवशी तेमा बंदरावरून कोणी एजंट फोन करतो, मॅडम, तुमची गाडी आली आहे, सोडवून न्या. मी म्हटलं, माझ्याकडे दोन पातेली आणि एक उखळ आहे, माझी कसली गाडी? तो म्हणाला, कागदावर तुमचंच नाव आहे आणि पाठवणाऱ्याचं नाव आंत्वी आहे. मुसळ हातात घेऊनच मी शेजारच्या दुकानातल्या फोनवर धावले होते, ते खाली ठेवलं. परत आले तर फिटर लोक फुफूच्या गोळ्यासाठी थाळ्या पुढे करून बसले होते, त्यांना माझं तोंड बघून वाटलं कोणीतरी गेलं.

मलाही क्षणभर तेच वाटलं होतं. ते जाऊ दे.

खानावळ बंद ठेवून मी तेमाला गेले. पहाटेच्या बसनं निघाले तर पोचायला दुपार. तिथे ऊन असं की डांबर चपलेला चिकटतं. हजार गाड्या उभ्या, आणि त्यांच्यामध्ये ती. बुटकी, गोल पाठीची, दोन दिवे म्हणजे दोन डोळे वटारलेले. मॉरिस मायनर. आंत्वी, मी चौथी-पाचवी शिकलेली बाई, पण त्या गाडीचं नाव मला वाचावं लागलं नाही.

मी हात लावणार तेवढ्यात बंदरावरचा साहेब आत डोकावला आणि हसायला लागला. त्यानं दुसऱ्या साहेबाला हाक मारली. तो आला, त्यानंही डोकावून पाहिलं, तोही हसला. मग पहिला मला म्हणाला, "आंटी, तुमचा भाऊ कुठल्या साली गेला हा देश सोडून? कोणी सांगितलं नाही का त्याला?"

स्टिअरिंग उजवीकडे.

उजव्या हाताची गाडी या देशात रस्त्यावर आणायची नाही, हे इथलं शेंबडं पोर सांगेल. तू सहा वर्षांचा होतास तेव्हा एका रविवारी सगळा देश रस्त्याच्या डाव्या बाजूवरून उजव्या बाजूला गेला. त्याआधी महिनाभर रेडिओ उजवी, उजवी असं ओरडत होता. बाकीच्या घरांत त्याची गंमत झाली असेल. आपल्या घरात त्या रविवारी चूल पेटली नव्हती, कारण आपल्या घरी बाबांची मॉरिस टॅक्सी होती आणि तिचं स्टिअरिंग चुकीच्या बाजूला होतं. हे दुसऱ्या कोणी विसरावं. तू?

नाव मात्र बरोबर आठवणीनं माझं घातलंस. बाबांच्या नावावर केली असतीस तर त्यांच्या माघारी ती आत्याच्या ओबेंगकडे गेली असती. बापाचं मुलांना नाही, भाच्याला जातं, हा रिवाज तुझ्या ध्यानात आहे. मग स्टिअरिंगनंच काय घोडं मारलं होतं?

साहेब आधी गाडी द्यायलाच तयार नव्हता. मी त्याच्या टेबलासमोर बसले ती उठलेच नाही. शेवटी असं ठरलं की गाडी ट्रकवर लादून न्यायची, चाकं रस्त्याला लावायची नाहीत, आणि ऑगस्टच्या मध्यापर्यंत स्टिअरिंग डावीकडे करून दाखवायचं. नाही केलं तर गाडी ते घेऊन जाणार. तसं त्यांनी लिहून घेतलं आणि शाईचा डबा माझ्याकडे सरकवला. मी डबा परत सरकवला आणि सही केली. येते मला अजून.

आता ऐक. बाबांना मी अजून सांगितलेलं नाही. तुझा पत्ता गाडीच्या कागदावर होता म्हणून हे लिहितेय, नाहीतर तू कुठल्या गल्लीत राहतोस हेही मला ठाऊक नव्हतं. आईच्या मातीला तू आला नाहीस. घरच्या सगळ्यांनी एका ठाणाचा काळा-लाल कपडा नेसला होता, तुझा तुकडा मी शिवून ठेवला होता, तो अजून पेटीत आहे. आणि आता तू गाडी पाठवतोस. बापाला माती देताना शवपेटी मुलानं आणायची असते. उद्या लोक म्हणतील यानं आधीच पाठवून दिली, चार चाकांची, म्हणजे यायला नको. मी काय सांगू त्यांना?

उत्तर लिही. फोन करू नकोस. फोनवर तू गप्प बसतोस आणि मी ओरडते, आणि सगळं दुकान ऐकतं.

तिवा


सुआमे
२३ जून

सांगितलं होतं फोन करू नकोस, तरी केलास. दुकानदारीण बाई दोनदा धावत आली, सिस्टर तिवा, भावाचा फोन. मी दोन्ही वेळा म्हटलं, हात पिठात आहेत. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, भांडण आहे का? मी म्हटलं, भांडायला माणूस समोर लागतो.

गाडी आली. ट्रकवरून उतरवायला मास्टर अजेईची सगळी माणसं लागली. मास्टर म्हणजे तोच, आपल्या गल्लीच्या तोंडाशी गॅरेज असलेला, आता त्याचे केस कापसासारखे झालेत. रस्त्याला चाक लावायचं नाही म्हणून त्यांनी ती फळ्यांवरून ढकलत थेट आपल्या अंगणात आणली, आंब्याखाली. सगळी गल्ली गोळा झाली.

बाबांना बाहेर आणलं. तू त्यांना शेवटचं पाहिलंस तेव्हा ते दाराच्या चौकटीत वाकून शिरायचे. आता वाकावं लागत नाही. डाव्या डोळ्यात पांढरं आलंय. काल काय खाल्लं ते आठवत नाही, पण कुठल्या साली मांपोंगच्या रस्त्यावर कोणाचा टायर फुटला ते सांगतात.

ते म्हणाले, "कोणाची ही?"

मी म्हटलं, तुमच्या मुलानं विलायतेहून पाठवली.

"कोणत्या मुलानं?"

त्यांना एकच आहे, आंत्वी. लोक हसले. मी नाही हसले. तुला कळावं म्हणून लिहिलं.

मग ते तिच्याभोवती फिरले. भिंत धरून चालावं तसे तिच्या अंगावर हात ठेवून. पुढून मागे, मागून पुढे. म्हणाले, ही माझी नाही, माझी हिरवी होती. ही टॅक्सीच नाही, हिचे कोपरे पिवळे कुठे आहेत? मास्टर वडीलधाऱ्यांना म्हणतात तसं म्हणाला, "ओपानिन, कोपरे मी रंगवून देतो, तुम्ही आत तर बसा." ते म्हणाले, दुसऱ्याच्या गाडीत मालकाला विचारल्याशिवाय बसू नये. माझ्याकडे बोट दाखवून मास्टर म्हणाला, ही मालकीण. बाबांनी मला खालपासून वर पाहिलं आणि विचारलं, "हिला गाडी चालवता येते?" गल्लीला दिवसभर हसायला तेवढं पुरलं.

मग त्यांनी खिडकीतून हात घातला. बघितलं नाही, नुसता घातला, आणि चोकचं बटण धरून ओढलं. अर्धंच. मास्टरच्या पोऱ्याला म्हणाले, पूर्ण ओढायचं नाही, सकाळी हिला गुदमरतं. तेव्हा मला कळलं की आता हे हिला सोडणार नाहीत.

ते उजवीकडून आत बसले आणि दार लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत बाहेर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ करून, टोपी घालून पुन्हा आत. आता रोजचं तेच आहे. पाय पेडलवर, हात चाकावर, आणि समोर आंब्याचं खोड. मधेच हॉर्न देतात. कोंबड्यांनाही सवय झाली, त्या आता हलत नाहीत.

एक गोष्ट मला कळली नाही ती तुला लिहिते. मी जेवण आत नेऊन देते. वाडगा ठेवायला जागा एकच, शेजारची सीट. मी ठेवला तर त्यांनी तो उचलून मांडीवर घेतला. रस्सा गरम, हात थरथरतात, मांडी भाजेल, म्हणून मी पुन्हा सीटवर ठेवला. त्यांनी पुन्हा उचलला आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी चूपचाप आत गेले. टोपीसुद्धा तिथे ठेवत नाहीत. मागे फेकतात.

आत्या येऊन गेली. सोबत ओबेंग. तो बोनेटवर थापा मारत होता, बकरी घेताना मारतात तशा. आत्या म्हणाली, "मुलगा यायचा तर पत्रा आला." मी म्हटलं, आत्या, पत्रा माझ्या नावावर आहे, तुम्ही आणि ओबेंग तोंड धुवा आणि जेवून जा. ओबेंग लगेच बसला, आत्या न जेवता गेली. मी तुझी बाजू घेतली असं समजू नकोस. मला त्या थापा आवडल्या नाहीत एवढंच.

मास्टर म्हणतो काम अवघड नाही, या गाडीला इंग्रजांनी दोन्ही बाजूंना भोकं ठेवलीच आहेत. समोरचा पत्रा कापून उलटा बसवायचा, चाक आणि पेडलं इकडून तिकडे न्यायची. तो मला विचारतो कधी करू. मी तुला विचारतेय. पाठवलीस तू, तर बोल तू.

तिवा


सुआमे
८ जुलै

चार ओळी. टपालाच्या तिकिटावर यापेक्षा जास्त लिहिलेलं असतं.

पहिली ओळ, बरी असशील. बरी आहे. दुसरी ओळ, स्टिअरिंगचं तुला ठीक वाटेल ते कर. तिसरी, खर्च मी पाठवतो. खर्च विचारला कोणी? चौथी ओळ मी दोनदा वाचली. बाबा मला ओळखतील का?

त्याचं उत्तर शेवटी देते. आधी दुसऱ्या ओळीचं.

मला ठीक वाटलं म्हणून मी मास्टरला बोलावलं. खरं सांगू, मला ते स्टिअरिंग तिथून काढलेलंच हवं होतं. का ते तुला माहीत नाही, कारण तू लहान होतास आणि मागच्या सीटवर झोपलेला असायचास. आज सांगते.

त्या रविवारनंतर सगळ्या गाड्या उजवीकडून चालायला लागल्या आणि बाबा उजवीकडेच बसलेले. पुढे लॉरी आली की त्यांना तिच्या मागच्या फळीशिवाय काही दिसायचं नाही. समोरून काय येतंय ते दिसतं डावीकडच्या सीटवरून. दुसरे ड्रायव्हर गाड्या विकून मोकळे झाले. बाबांचं नवीन गाडी घ्यायचं बळ नव्हतं. मग आई त्या सीटवर बसायला लागली. बाबांचा डोळा म्हणून. आई सांगायची आणि बाबा गाडी काढायचे. कुमासी ते मांपोंग, मांपोंग ते कुमासी, दिवसातून जेवढ्या फेऱ्या होतील तेवढ्या, परमिट संपून गाडी भंगारात गेली तोपर्यंत. पुढची एक सवारी कमी झाली, तरी ती बसली. तुला ठेवणार कुठे म्हणून तुला मागे घेतलं.

आणि बाजारातला आईचा रताळ्यांचा गाळा कोणी सांभाळायचा? मी बारा वर्षांची होते. शाळेतून नाव काढलं नाही, नुसतं जाणं बंद झालं. गाडी गेल्यावर आई म्हणाली, आता जा. तोवर माझ्या वर्गातल्या मुली पुढे गेल्या होत्या आणि मला लहान पोरांत बसायची लाज वाटली. झालं. कोणी वाईट वागलं नाही. पण मला ती सीट आवडत नाही, समजलं? मी या अंगणात तिच्याकडे बघत फुफू कांडते आणि मला ती आवडत नाही.

तर मास्टर आला, हत्यारं घेऊन. बाबांना मी सांगितलं होतं, चाक इकडचं तिकडे करायचं आहे, सरकारचा नियम आहे. ते हो हो म्हणाले होते. मास्टरनं डावीकडचं दार उघडलं आणि समोरच्या पत्र्याला खुणा करायला आत बसणार, तर बाबा चाकावरचे हात न काढता म्हणाले, "तिथे बसू नकोस."

मास्टर म्हणाला, ओपानिन, माप घेतो.

"तिथे तिवाची आई बसते."

मास्टर साठीचा माणूस आहे. त्यानं गाड्या कापल्या आहेत, माणसं शिव्या देत असताना कापल्या आहेत. तो उठला, दार हळूच लावलं, आणि माझ्याकडे येऊन म्हणाला, सिस्टर, मला जेवायला वाढ. जेवला, आणि हत्यारं उचलून गेला.

मी बाबांशी वाद घातला. आई गेली, बाबा, सहा वर्षं झाली. ते म्हणाले, मला माहीत आहे, मी काय खुळा आहे? तिला माती दिली तेव्हा मी उभा होतो. पण चाक तिकडे गेलं तर मी तिच्या जागेवर बसणार, मग तिनं कुठे बसायचं?

याला काय उत्तर आहे? तू विलायतेत राहतोस, तुला येत असेल तर लिहून पाठव.

आता मला एक खरं सांग. तू विसरला होतास की नाही? बंदरावरचे हसले, मी तुला मूर्ख म्हटलं, गल्लीनं म्हटलं. आता मला वाटतं की तू त्या मागच्या सीटवर झोपलेला नव्हतास. तुला पक्कं ठाऊक होतं स्टिअरिंग कुठल्या बाजूला हवं ते. तू म्हाताऱ्याला गाडी पाठवली नाहीस, ती सीट पाठवलीस. असं असेल तर तसं लिहायला काय झालं होतं? चार ओळींत जागा होती.

दुसरं. आपल्या पाद्रींची बहीण आली आहे, तुझ्याच गावात असते म्हणे, बर्मिंगहॅमला. जेवायला आली होती. तिला मी तुझ्याबद्दल काही विचारलं नव्हतं, तीच बोलली. म्हणाली, आई गेली त्या वर्षी आंत्वीकडे कागद नव्हते, इस्पितळाच्या धोबीखान्यात दुसऱ्याच्या नावावर काम करायचा, विलायतेतून निघाला असता तर परत शिरता आलं नसतं. म्हणाली, आईच्या मातीच्या शनिवारी तो आमच्या चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून होता, काळा शर्ट घालून, आणि कोणाशी बोलला नाही.

त्या दिवशी फोनवर मी जे बोलले ते बोलले, ते परत घेत नाही. चारशे माणसं जेवायला बसली होती आणि सगळी विचारत होती, मुलगा कुठे आहे. पण तू एक वाक्य का नाही बोललास? कागद नाहीत, ताई, एवढंच. मी ओरडले असते आणि मग थांबले असते. मी थांबते, आंत्वी. लोकांना वाटतं थांबत नाही, पण थांबते.

ती म्हणाली आता कागद झाले आहेत. दोन वर्षं झाली. दोन वर्षं.

चौथी ओळ. बाबा तुला ओळखतील का? तुझा फोटो दाखवला तर म्हणतात, हा कोण जाड माणूस? पण परवा गाडीत बसल्या बसल्या त्यांनी मान मागे वळवली, रिकाम्या सीटकडे पाहिलं आणि मला सांगितलं, आवाज कमी कर, पोरगं झोपलंय.

एवढंच माझ्याकडे आहे. त्याचं तू काय ते ठरव.

तिवा


सुआमे
१५ जुलै

हे पत्र पाद्रींच्या बहिणीबरोबर देतेय, उद्या तिचं विमान आहे. ती तुझ्या हातात देईल आणि तू वाचेपर्यंत समोर उभी राहील, तसं मी तिला सांगितलंय. तेव्हा दारात ताटकळत ठेवू नकोस, तिला आत घे.

तोडगा निघाला आहे. मी काढलेला नाही, बाबांनी काढला.

मी त्यांना म्हटलं, चाक बदललं नाही तर ऑगस्टच्या मध्यात सरकारची माणसं येतील आणि सबंध गाडी नेतील, मग आईची सीटही जाईल आणि तुमचीही. ते दोन दिवस गाडीचं दार लावून बसले. हॉर्नसुद्धा नाही. मग म्हणाले, बदला. पण आधी मला एक लॉरी ओलांडायची आहे.

मी म्हटलं, काय?

"एक लॉरी. शेवटची. मग मास्टरला सांग काप म्हणून."

मी मास्टरला सांगितलं, तो हसेल म्हणून. तो हसला नाही. तो संध्याकाळी ड्रायव्हरांच्या युनियनमध्ये गेला. तिथे बाबांच्या वेळचा एकच उरला आहे, ट्वुम म्हातारा, ज्याची लाकडं वाहणारी बेडफर्ड लॉरी अजून कशीबशी चालते. ट्वुम म्हणाला, मी लॉरी घेऊन पुढे चालतो, माणूस पायी जाईल इतक्या हळू, ओलांडू दे त्याला मला. पण आयुष्यभर मी त्याला पुढे जाऊ दिलं नव्हतं, हे लक्षात ठेवा. लाकडाच्या वखारीमागे जुना रस्ता आहे ना, वखार बंद पडल्यापासून तिथे बकऱ्यांशिवाय कोणी जात नाही. तिथे करायचं. गाडी ट्रकवर लादून तिथपर्यंत न्यायची, सरकारी रस्त्याला चाक लागणार नाही, मी लिहून दिलंय. मास्टर मागच्या सीटवर बसणार, मधल्या ब्रेकच्या दांड्यावर हात ठेवून. रविवार, १ ऑगस्ट. सोमवारी मास्टर कापणार. त्यानं कोपरे आधीच पिवळे करून टाकलेत. गाडीच्या अंगावर ते शोभत नाहीत. बाबांना फार शोभतात असं वाटतं.

राहिली डावीकडची सीट. त्यांना समोरचं दिसायला हवं, म्हणजे कोणीतरी तिथे बसून सांगायला हवं. तिथे ते कोणाला बसू देतील असं मला वाटलं नव्हतं. पण काल त्यांनीच दार उघडलं आणि मला म्हणाले, ये, बसून बघ.

मी बसले. तुला सांगते, तीस वर्षांत मी त्या जागी पहिल्यांदा बसले. आईच्या वेळी मी कधी त्या गाडीत पुढे बसलेच नाही, मी गाळ्यावर असायचे. समोर आंब्याचं खोड. बाबांनी चाक धरलं आणि म्हणाले, समोर लॉरी आहे, सांग मला. मी म्हटलं, "काढा, मोकळं आहे."

ते म्हणाले, "असं नाही."

मी पुन्हा सांगितलं, जरा हळू. ते म्हणाले, असंही नाही, तू ओरडतेस. ओरडलं की माझा पाय दचकतो. तुझी आई ओरडायची नाही. मी विचारलं, मग ती काय म्हणायची? त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलत होते. मग त्यांनी हात चाकावरून खाली मांडीवर ठेवले आणि म्हणाले, गेलं ते. आवाज येतो, शब्द येत नाही.

मी माझ्या डोक्यात शोधलं. माझ्याकडे नाही. मी तिथे नव्हते. आई गाळ्यावर कशी ओरडायची ते मी तुला हुबेहूब करून दाखवीन, गिऱ्हाइकं आठ दुकानं पलीकडून यायची. पण त्या सीटवर बसून ती बाबांना काय सांगायची, आणि कुठल्या आवाजात, ते मी कधी ऐकलंच नाही.

मग बाबांनी मान मागे वळवली आणि म्हणाले, "त्याला विचार. तो झोपायचा नाही. झोपल्याचं सोंग करायचा."

तर हे असं आहे. जगात ते आता फक्त तुझ्याकडे आहे. तू ते मला लिहून पाठवशील, तर पाठवू नकोस. मी वाचून सांगितलं तर ते ओरडल्यासारखंच येणार, माझा गळाच तसा आहे. फोनवर सांगशील तर त्यांना डाव्या कानानं ऐकू येत नाही आणि उजव्या कानाला फोन धरला की ते चाक सोडतात. ते सांगायला माणूस त्या सीटवर बसावा लागतो.

तुझा कपडा मी पेटीतून काढून उन्हात टाकला आहे. तू जाड झालास म्हणतात, शिवण उसवून ठेवते. आधी आईकडे जाऊ, मग वखारीच्या रस्त्याला. लोक काय म्हणतील ते मी बघते, लोकांशी बोलायला मी आहे.

येत नसशील तर तसं स्पष्ट सांग. मग त्या रविवारी मी डावीकडे बसेन आणि ओरडेन, आणि बाबा दचकत दचकत ती लॉरी ओलांडतील. ओलांडतील ते, मी त्यांना ओळखते. पण ती दुसरी लॉरी असेल.

शनिवारी, २४ तारखेला, दुपारी जेवणाची गर्दी ओसरली की दुकानातल्या फोनवर फोन कर. हात पिठात असले तरी मी येईन. मी ओरडणार नाही. तू गप्प बसायचं नाही. एकच शब्द हवा आहे, येतोस की नाही. शनिवार. रविवारवर जाता कामा नये.

तुझी ताई,
तिवा